चिंचोक्यांची बरणी

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि अभिनंदन चौगुलेनं अजून एकही विनोद केला नव्हता. पोह्यांत मीठ कमी होतं. त्याच्या बायकोनं, पद्मजानं, ते मुद्दाम कमी घातलं होतं. एरवी पहिल्याच घासाला तो म्हणाला असता, "मिठागरं संपावर गेली का काय?" लग्नाला सहा वर्षं झाली, अळणी जेवणावर त्याचा हा शेरा कधी चुकला नव्हता. आज तो मुकाट्यानं खात होता.

ओट्यावर डाळीच्या डब्यांमागं लोणच्याची एक जुनी बरणी होती. तिच्यात चिंचोके होते. पहिल्या महिन्यात ते चार बोटं वर आले होते. गेल्या नऊ दिवसांत एकही पडला नव्हता.

अभिनंदन पलूसच्या शाळेत भूगोल शिकवायचा. "तुमच्या सरांची किनारपट्टी दरवर्षी मागं सरकतेय, वहीत टिपून ठेवा," असं कपाळावर हात ठेवून तो स्वतःच वर्गात सांगायचा. असा माणूस केसांसाठी झुरत असेल असं कुणाला वाटणार? त्यालाही वाटलं नव्हतं. मग मेव्हण्याच्या लग्नाचं चित्रण आलं. आपला टाळू आपल्याला दिसू नये ही निसर्गानं केलेली मोठी मेहेरबानी आहे, पण ड्रोनला ती ठाऊक नव्हती. पडद्यावर मंडपातल्या गर्दीत एक गोल रिकामी जागा दिसली, आणि ती जागा चालत चालत पंगतीकडं गेली. सगळे हसले, तोही हसला. ती जागा आपणच आहोत हे त्याला तिसऱ्यांदा पाहताना कळलं. त्यानंतर तो रोज उशीवरचे केस मोजू लागला.

सांगलीच्या डॉ. कालिंदी हर्डीकरांकडं केसगळतीच्या औषधासाठी ती दोघं गेली, तेव्हा मिटल्या पाकिटाचा नियम येऊन चार वर्षं झाली होती.

"औषधाच्या पत्रकात डोकेदुखी लिहिली की कित्येकांचं डोकं दुखतं," डॉक्टर म्हणाल्या. "नुसती साखरेची गोळी दिली तरी दुखतं. हा औषधाचा नाही, औषधाच्या भीतीचा परिणाम. आम्ही त्याला भयपरिणाम म्हणतो. नाटक नसतं ते, अंगात खरंच होतं. म्हणून पत्रक तुम्ही वाचायचं नाही. ते पाकिटात घालून तुमच्या विश्वासातल्या माणसाकडं जाईल."

त्या माणसाला नियमात जाणता म्हणत, बाई असेल तर जाणती. तिनं लक्ष ठेवायचं, काही वावगं दिसलं तर डॉक्टरांना कळवायचं आणि रुग्णासमोर ब्रही काढायचा नाही.

"आणखी एक," डॉक्टर म्हणाल्या. "दर महिन्याला गोळ्यांची एक पट्टी मिळेल. पहिल्या चारांतल्या काही पट्ट्या कोऱ्या असतील. दिसायला तशाच, आत औषध नाही. कोणत्या ते फक्त नोंदणीच्या यंत्राला माहीत. त्रास झाला तर औषधाचा की भीतीचा, हे त्यावरून ओळखता येतं."

यात एक अट होती. जाणता रुग्णाच्याच घरात राहणारा नसावा. पण बाहेर नोंदणीच्या यंत्रासमोर अभिनंदन हटून बसला. "हिच्याशिवाय कुणाला सांगू? चुलतभावाला सांगितलं तर उद्या सगळं पलूस माझ्या डोक्यावरनं हात फिरवून जाईल."

पद्मजाच्या आधार कार्डावर अजून 'पद्मजा भूपाल मगदूम, मुक्काम नांद्रे' असंच होतं. ते बदलायचं काम सहा वर्षं पुढच्या महिन्यात होणार होतं. यंत्रानं नाव पाहिलं, माहेरचा पत्ता पाहिला आणि हिरवा दिवा लावला. घरी येताना दोघं यावर पोट धरून हसली.

पाकिटात पाच ओळी होत्या. पहिल्या दोन तोंड कोरडं पडण्याच्या आणि डोकेदुखीच्या. तिसरी वाचून पद्मजा एकटीच लाजली. चौथी घामाची होती. पाचवी अशी होती: 'फार क्वचित, दोन हजारांत एकाला, जगण्यातला रस ओसरतो. रुग्ण गप्प झाल्यास त्याला एकटे सोडू नये.'

दोन हजारांत एक म्हणजे नसल्यातच जमा, असं कुणीही म्हणालं असतं. पण पद्मजा दूध शीतकरण केंद्रात दूध तपासायची. एक नासका कॅन टँकरमध्ये गेला की बाकीच्या चांगल्या दुधाला कुणी विचारत नाही, हे तिच्या हाडीमाशी मुरलं होतं. दुधातलं फॅट मोजायला यंत्र होतं. माणसातला रस कशानं मोजायचा? नवऱ्याचा रस त्याच्या थट्टेत आहे, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून चिंचोके. एक विनोद, की डब्यांमागच्या वाटीतला एक चिंचोका बरणीत.

पहिल्या महिन्यात एकशे बारा झाले. दुसऱ्यात एकोणतीस. तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत दोन, आणि मग काहीच नाही. डॉक्टरांना कळवायला तिनं दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवून दिला. कळवलं तर पत्त्याची बनवाबनवी उघडी पडणार होती. तिला स्वतःचीच भयंकर चीड आली, तरी तिनं फोन केला नाही.

अळणी पोह्यांच्या त्याच दिवशी अकरा वाजता शाळेतून फोन आला. चौगुले सर तिसऱ्या तासाला वर्गात आले, नकाशा लावला, पाच मिनिटं नकाशाकडं बघत उभे राहिले आणि गच्चीवर निघून गेले. "तब्येत बरी नाही का वहिनी?" मुख्याध्यापक विचारत होते. पद्मजानं नमुन्याची बाटली यंत्रातच सोडली आणि स्कूटर काढली. अख्ख्या रस्त्यात तिच्या डोळ्यांसमोर पाचवी ओळ होती.

तो गच्चीवर पर्जन्यमापकाशेजारी, बुटक्या कठड्याला टेकून बसला होता.

"अभी, जरा अलीकडं ये."

"का?"

याचं उत्तर द्यायची तिला परवानगी नव्हती.

"का ते सांग की," तो म्हणाला. "पहिल्या आठवड्यापासनं बघतोय मी. घास घेतला की तू माझ्या तोंडाकडं बघतीस. जिना चढलो की बघतीस. परवा नुसता शिंकलो, तर तुझ्या हातातली कढई पडली. पत्रक कशाला वाचायला पाहिजे मला? तुझ्या तोंडावर छापलंय सगळं."

"काय छापलंय?"

"हृदय. झोपेत बंद पडणार. म्हणून दीड महिना मी झोपलो नाही धड."

पत्रकात हृदयाचं एक अक्षरही नव्हतं. पद्मजा तिथंच खाली बसली.

"मग गोळी बंद का नाही केलीस?"

त्यानं टाळूवरून हात फिरवला. "उशीवर केस कमी पडायला लागलेत, पद्मा. सांगायला लाज वाटते, पण नाही सोडवत मला."

दुपारी ती दोघं डॉक्टरांसमोर होती. पद्मजानं सगळं सांगून टाकलं, आधार कार्डासकट. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ही अट का घातली होती, कळलं आता? जाणत्याचा चेहरा रोज समोर असला तर ते पत्रकच होतं. आणि छापलेल्या पत्रकापेक्षा वाईट, कारण त्यात माणूस मनाला येईल ते वाचतो." त्यांनी पाचही ओळी अभिनंदनला वाचून दाखवल्या. पाचवीला तो बायकोकडं वळला आणि मग त्यानं मान खाली घातली. डॉक्टरांनी त्याला सरळच विचारलं, जगणं नकोसं वाटलं का कधी? तो म्हणाला, नाही, उलट मरायचीच भीती वाटत होती.

डॉक्टरांनी यंत्राला पट्ट्या विचारल्या.

"पहिली खरी," त्या म्हणाल्या. "दुसरी कोरी. तिसरीपण कोरी."

एकशे बारा विनोद खऱ्या औषधावर झाले होते आणि गप्प तो पिठाच्या गोळ्या खाऊन झाला होता.

"आणि केस? ते कमी गळत होते ते?" त्यानं विचारलं.

"केसांचं इतक्या लवकर काही सांगता येत नाही. उशीवर मोजणारा माणूस त्याला हवं तसं मोजतो."

"म्हणजे औषधाचा काही दोष नाही," पद्मजा म्हणाली.

"बहुतेक नाही. पहिल्या पट्टीचा अंश कुणाकुणाच्या अंगात रेंगाळतो, म्हणून बहुतेक म्हणते. महिनाभर काहीच घेऊ नका. झोपा, मोकळं बोला. नकोसे विचार आले तर त्याच घटकेला मला फोन करा. आणि तुम्ही लक्ष ठेवा."

"परत मीच?"

"आता लपवण्यासारखं काय राहिलंय? महिन्यानं बघू, औषध घ्यायचं की डोकं आहे तसं मिरवायचं."

घरी आल्यावर तिनं बरणी काढून त्याच्यासमोर ठेवली आणि तिची कथा सांगितली. त्यानं ती हलवून बघितली.

"एवढे विनोद केले मी?"

"त्यातले निम्मे पांचट होते. चिंचोका फोडून अर्धा टाकावा असं वाटायचं."

तो बरणीकडं बघत राहिला. बरणीत काय होतं, तिनं ते किती धास्तीनं टाकलं होतं, हे त्याला नीट कळलं असावं, कारण त्यानं झाकण फार हळू लावलं.

दिवस मावळायच्या आत जेवायची घरातली रीत होती. पद्मजानं आमटी केली. वाढण्याआधी तिनं दोनदा चव घेऊन बघितली. अभिनंदननं भात कालवला, पहिला घास घेतला आणि थांबला.

"मिठागरं संपावर गेली का काय?" तो म्हणाला आणि तिच्याकडं बघून हसला.

तिचा जीव भांड्यात पडला, घटकाभर. सवयीनं तिचा हात डब्यांमागच्या वाटीकडं गेला, चिंचोका चिमटीत आलासुद्धा. मग तिला आपण दोनदा घेतलेली चव आठवली, आणि तिनं आमटीचा थेंब बोटावर घेऊन पुन्हा चाखला.

मीठ अगदी बरोबर होतं.

तो खाली मान घालून जेवत होता. विनोद नुसता तिच्या समाधानासाठी केलेला असेल, तर हातातला चिंचोका आता बरणीत टाकायचा की नाही?