वीस शब्दांची आंबोळी

"आंबोळीचं पीठ स्टीलच्या डब्यात अगदी काठोकाठ भरा, झाकण तळहाताने घट्ट दाबून बसवा, डबा छान उबदार जागी रात्रभर ठेवा आणि मग…"

पुढे काही नाही. मंगळावरच्या तळावर एवढंच पोचलं.

तिथला स्वयंपाकी म्हणजे रांधव्या नावाचा यंत्रमानव. त्याने सांगितलेलं सगळं केलं. गुरुवारी दुपारी त्याचा निरोप कुडाळला, शाल्मली परुळेकरच्या पडद्यावर उमटला:

"आदरणीय शाल्मलीताई, सूचना तंतोतंत पाळल्या. स्फोट झाला. छत पांढरं झालं, तळप्रमुख निंबाळकरबाईंचे केसही. 'आणि मग' नंतर काय करायचं ते कळवावं. मला गोदामात टाकायचं का, यावर शनिवारी बारा जणांचं मतदान आहे. आपला, रांधव्या."

अकरा वर्षांच्या शाल्मलीला आजवर कुणी ताई म्हटलं नव्हतं, पण खूश व्हायची ही वेळ नव्हती. तिने तर उलटंच लिहिलं होतं! तिने आपला ब्लॉग (इंटरनेटवरची, कुणीही वाचावी अशी वही) उघडला. लेख जागच्या जागी होता: "…आणि मग छत पुसायला शिडी आणा. आमच्या आजोबांनी असंच केलं होतं. तुम्ही मात्र अर्धा डबा रिकामा सोडा, झाकण सैल ठेवा."

मग रांधव्याने असं का केलं?

आजोबा आले. त्यांचा जन्म अवकाशात संदेश पाठवणाऱ्या तबकड्या सांभाळण्यात गेला होता. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"फीड कापलंस का गं?"

"थोडंसं. वीस शब्दांवर."

फीड म्हणजे नवा लेख आपणहून वाचकाकडे पोचवणारी व्यवस्था. आधी शाल्मलीचा अख्खा लेख त्यातून जायचा. लोक तो तिथेच वाचायचे, ब्लॉगवर कुणी फिरकायचं नाही. पानावर कितीजण आले ते मोजणारा आकडा नऊवर रुतून बसला होता. तिने फीड कापलं, तसे लोक उरलेलं वाचायला धावत आले. आकडा एकसष्टवर गेला. तिला शंभर हवे होते.

"म्हणजे दूधवाला दारात आला," आजोबा म्हणाले, "पेलाभर दूध ओतलं आणि म्हणाला, बाकीचं गोठ्यावर येऊन प्या."

"मग यायचं ना गोठ्यावर."

"मंगळावरून? हाक इथवर यायला वीस मिनिटं, दूध जायला वीस. शिवाय त्यांची तबकडी दिवसातून एकदाच पृथ्वीकडे वळते. तेवढ्यात फीडचं गाठोडं उचलायचं आणि

असं वाक्य मध्येच थांबलं तर कसं वाटतं? रांधव्यालाही चिडायला आवडलं असतं, पण त्याच्यात राग बसवलेला नाही. आजोबांचं वाक्य असं होतं: "…गाठोडं उचलायचं आणि दिवसभर तेच वाचायचं. पान उघडायची सोयच नाही त्यांना."

"पण स्फोट कशानं झाला?"

"आंबताना पिठातले सूक्ष्मजीव वायू सोडतात. त्याला जागा हवी, वाट हवी. काठोकाठ डबा, घट्ट झाकण, म्हणजे वायूचा दाब (आतून बाहेर ढकलणारा जोर) वाढत जातो. मंगळावर वजनही कमी, म्हणून पीठ थेट छताला."

"आणि तुमचं?"

"माझं पंख्यापर्यंतच गेलं," आजोबा जरा कमीपणा वाटल्यासारखे म्हणाले.

गाठोडं पाचला निघणार होतं. शाल्मलीने आकड्याकडे पाहिलं. आता चौसष्ट. मग तिने फीड पुन्हा अख्खं केलं, लेख फोटोसकट पाठवला आणि खाली लिहिलं, "चूक माझी. रांधव्याला गोदामात टाकू नका."

शनिवारचा निरोप रविवारी आला.

"आदरणीय शाल्मलीताई, बाराही जणांनी लेख शेवटपर्यंत वाचला. अकरा मतांनी मी स्वयंपाकघरात राहिलो. बारावं मत निंबाळकरबाईंचं. त्या अजून केस धूत आहेत. काल रात्री अर्धा डबा रिकामा सोडला. पीठ फुगलं आणि डब्यातच राहिलं. एक विनंती: शब्द सगळे पाठवा, फोटो नकोत. आजोबांच्या शिडीवरच्या अवजड फोटोमागे आमचा वादळाचा इशारा तासभर अडकून पडला."

"बारा जणांनी वाचलं," शाल्मली म्हणाली, "आणि आकडा एकानंही हलला नाही."

"आकडा पाय मोजतो," आजोबा म्हणाले. "डोळे नाही."

तिने ठरवलं: शब्द अख्खे फीडमध्ये, फोटो पानावर, ज्याला परवडेल त्याने यावं. तेवढ्यात फीड मागणारा नवा वाचक आला, गुरूकडे निघालेलं एक यान. तिथे निरोप पोचायला पाऊण तास.

शाल्मलीने पुढचा लेख लिहायला घेतला. विषय, भाकरी फुगवणे. वाटेत कुणी कुठेही कापला तरी चालेल अशी सुरुवात तिने केली: "आधी काय करू नये ते सांगते."