चंडोलाचा चौदावा बोल

त्या सकाळी थुंग शौशान पिंजरा घेऊन निघाला तो रोजच्यासारखाच. पिंजऱ्यावर निळा अभ्रा, हात चालीबरोबर मागंपुढं झुलणारा. पिंजरा झुलला की आतला चंडोल पायांनी घट्ट धरून बसतो आणि त्याच्या अंगात जोर येतो, असं जुने शौकीन सांगत. पेकिंगच्या गल्ल्यांत थंडी नुकतीच उतरली होती. घरोघरी खिडक्यांच्या फटींवर कागद चिकटवून झाला होता आणि हवेला कोळशाचा कडवट वास येत होता.

"येताना कोबी आण," रुईफांगनं आतून हाक दिली. "पाखराला अळ्या बऱ्या आठवणीनं आणतोस. बायकोचा कोबी तेवढा रोज विसरतोस."

"पाखरू गातं. तू काय करतेस?"

"मीही गाईन एखाद दिवशी. ऐकायला घरी असशील का तेव्हा?"

तो हसत बाहेर पडला. ट्राम हाकण्यात उमर गेली, मूलबाळ झालं नाही. म्हातारपणी काय ते या एवढ्याशा मातकट पाखराचं वेड लागलेलं. पिल्लू होतं तेव्हापासून त्यानं त्याला बोल शिकवले होते. तेरा बोल, ठरलेल्या क्रमानं. मध्ये चूक नाही, नंतर भेसळ नाही. असा चंडोल अख्ख्या मोहल्ल्यात दुसरा नव्हता.

बागेत सुरूच्या झाडांखाली पिंजरे ओळीनं टांगले होते. अभ्रा निघाला आणि चंडोल सुरू झाला. चिमण्यांचा कलकलाट. अंडं घातलेल्या कोंबडीची बढाई. मांजर. पाकोळ्या. पाणीवाल्याच्या हातगाडीचं कुरकुरणारं चाक. म्हातारे चहाचे डबे छातीशी धरून ऐकत होते. शेवटी घारीची लांब शीळ उठली आणि शेनकाकांनी मान डोलावली. शेनकाका सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी मान डोलावली की त्यापुढं अपील नव्हतं.

पण चंडोल थांबला नाही.

आधी खरखर आली. लाकडावरून नखं ओढावीत तशी, सावकाश. मग कुणीतरी श्वास आत घेतला. ओला, अडकलेला, लांब श्वास. आणि पुन्हा खरखर.

"झाका!" शेनकाका ओरडले. "झाका ते! तोंड बाटलंय त्याचं!"

भराभर सगळ्यांनी आपापल्या पिंजऱ्यांवर अभ्रे ओढले. एका पाखराचं तोंड बाटलं की शेजारचीही तेच उचलतात. शौशानचा चेहरा पांढरा पडला. त्याचा जिवलग दोस्त जाड्या च्याओ त्याच्या कानाशी लागून म्हणाला, "शौशानदादा, घरी कुणी आजारी आहे का?"

"कुणी नाही रे."

"मग हे शिकलं कुठून? चंडोल मनचं काही गात नाही. ऐकलेलंच गातो."

तेच शौशानच्या डोक्यात भुंग्यासारखं घुमत राहिलं. घरी त्यानं उंदीर शोधले, पेट्या हलवल्या, दाराची फळी नखानं खरडून पाहिली. अंगणापलीकडची खोली उन्हाळ्यापासून रिकामी होती. तिच्या कुलपावर धूळ होती, आत नुसती ओल. बाकीचे शेजारी दिवसभर कामावर. रुईफांगला विचारलं तर ती म्हणाली, "मला तुझ्या घोरण्याशिवाय काही ऐकू येत नाही."

मग त्यानं बाहेर जाणंच सोडलं. दिवसभर स्टुलावर बसून पिंजऱ्याकडे बघत राहायचा. पाय स्वस्थ बसत नसत. उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. आणि अशाच एका दुपारी त्याला ते दिसलं. चंडोल दाणे टिपत होता, तो एकदम थबकला. पिसं अंगाशी आवळली, मान तिरपी केली. नवा बोल शिकताना तो असाच ऐकत बसायचा. त्याचा डोळा दाराकडे होता. घरात शेगडीवरची किटली तेवढी सुं सुं करत होती. शौशाननं कान टवकारले. काही नव्हतं. पाखरू मात्र ऐकत होतं, बराच वेळ, मन लावून. मग त्यानं चोच उघडली.

"म्हाताऱ्या... दार उघड."

आवाज रुईफांगचा होता. रुईफांग समोर बसून कणीक मळत होती.

तिचे हात पिठात तसेच राहिले. आधी तिला हसू आलं. मग शौशानच्या चेहऱ्याकडे बघून ते विरलं.

"चंडोल कुठं माणसासारखा बोलतो?" ती हळूच म्हणाली.

"नाही बोलत."

"आणि मी कधी म्हणाले असं? दिवसा आपण दाराला कडी तरी लावतो का?" ती पिठाचे हात पुसायचंही विसरली. "देऊन टाक ते कुणालातरी. नको मला घरात."

"देतो," तो म्हणाला. पण दिलं नाही. पहाटे उठून गुपचूप अभ्रा वर करायचा आणि ऐकायचा. खरखर, श्वास, मग ती हाक. हाक रोज जरा जास्त स्पष्ट होत होती.

शेवटी रुईफांगच कंटाळली. "जा बाबा, चहाच्या दुकानात जाऊन बस जरा. तुझी येरझार बघून माझी चक्कर वाढते. च्याओला विचार पाखरू नेतो का. आणि कोबी!"

पिंजरा घरीच ठेवून तो गेला. चहाच्या दुकानात वाफ होती, भोपळ्याच्या बिया फोडल्याचा आवाज होता, कोपऱ्यात सोंगट्यांचा डाव रंगला होता. सगळं नेहमीचं. त्यानं च्याओला खालच्या आवाजात सगळं सांगितलं. च्याओनं ऐकून घेतलं, मग वातावरण हलकं करायला नाकातून आवाज काढत म्हणाला, "म्हाताऱ्या, दार उघड! अरे, वहिनी तुला रागावून बाहेर काढायच्या ऐवजी स्वतःच बाहेर राहिल्या की काय?"

शेजारचे हसले. शौशानच्या हातातला पेला मात्र खाली आला. इतके दिवस तो आवाज कुठून आला हे शोधत होता. ती हाक कुणाला आहे, हा विचार त्याला शिवलाच नव्हता. म्हाताऱ्या. तिचा म्हातारा तर तोच. आणि तो आत्ता घराबाहेर होता, ती एकटी आत.

टोपी तिथंच टाकून तो धावत सुटला.

अंगणात शिरला तर दार बंद. ढकललं, हललं नाही. आतून काहीतरी जड लावलेलं होतं. आणि दारापाशीच, अगदी लागून, तो आवाज आला. नखांची खरखर. अडकलेला श्वास.

"म्हाताऱ्या... दार उघड."

"उघडतो! रुईफांग, उघडतो गं!" त्यानं खांदा घातला. एकदा, पुन्हा. टोपी द्यायला मागोमाग आलेल्या च्याओनं आपलं सगळं वजन टाकलं, तेव्हा आतली पेटी सरकली आणि दार उघडलं. कोंदलेल्या गरम हवेचा लोट तोंडावर आला, आणि त्याच्या पाठोपाठ गार वारा शौशानच्या बगलेतून आत घुसला. त्याला वाटलं, कुणीतरी अंग चोरून जावं तसा.

रुईफांग पेटीमागं पडली होती. गाल लालबुंद, ओठ निळे. शेगडीचं धुराडं सांध्यातून निसटलं होतं आणि खिडकीच्या फटी कागदानं घट्ट बंद होत्या. कोळशाचा वायू. त्यांनी तिला ओढत अंगणात आणलं. च्याओच्या तीनचाकीवर घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले. शौशान उशाशी रडतच बसला होता.

"त्या पाखरानं वाचवलं तुला," तो म्हणाला. "बिचारं स्वतः गेलं. अंगणात पुरलं मी त्याला. पण तू हाका मारत होतीस ना, तेच ते..."

"मी नाही मारल्या हाका." तिचा आवाज घशातल्या घशात होता. "मला उठवत नव्हतं. पाखरू तर तू गेल्यावर लगेच खाली पडलं होतं... आणि मग मला ऐकू आलं. दार उघड, दार उघड. माझाच आवाज. पण बाहेरून."

शौशान तिच्याकडे आणखी वाकला.

"मी आत आहे, मग बाहेर कोण आहे? भीती वाटली रे. रांगत रांगत गेले आणि पेटी ओढून दाराला लावली. ते आत येऊ नये म्हणून." तिनं त्याच्या बाहीला धरलं. "त्यानंतर तू दार उघडलंस. तुझ्याबरोबर आत कोण आलं?"

"च्याओ होता."

"च्याओच्या आधी."

तिला झोप लागेपर्यंत तो तिचा हात धरून बसला. मग गोधडी आणि कपडे आणायला घरी गेला. दुपार होती, आभाळ राखेसारखं. मोडलेलं दार त्यानं आदल्या दिवशी नुसतं लोटून ठेवलं होतं. त्यावरचे ओरखडे त्याला आता दिसले. गुडघ्याच्या उंचीला, खोल, ताजे, लाकडाचे पांढरे तंतू निघालेले. सगळे बाहेरच्या बाजूनं.

आत शेगडी विझून गार झाली होती. हात धुवायच्या घंगाळात पाण्याचा बर्फ झाला होता. बिछान्यावर गोधडी पसरलेली होती. ओढून घ्यावी म्हणून त्यानं खाली हात घातला, आणि तो तसाच राहिला.

गोधडीखाली ऊब होती. एका माणसापुरती, भिंतीकडच्या, रुईफांगच्या बाजूला.

त्यानं हळूच हात काढून घेतला. गोधडीचं टोक होतं तसं नीट केलं. आणि कुणाची झोप मोडू नये म्हणून दार अलगद ओढून घेऊन, मागं न बघता अंगणाबाहेर पडला.