चुन्याखालची सातवी

बायको सरूबाई कालव्यात गेली हे कळलं तेव्हा रखमाजीचे हात कोपरापर्यंत चुन्यानं माखलेले होते. चैत्रातल्या जत्रेआधी महादेवाच्या देवळाला चुना द्यायचं काम त्याच्या घराकडं चालत आलेलं. आतल्या भिंतीवर जुनी रंगीत चित्रं होती, कमरेवर हंडा घेऊन पाण्याला निघालेल्या सात बायकांची. दरवर्षी तो त्यांच्या कडेकडेनं कुंचा फिरवायचा. यंदा सातवीचे पोपडे निघाले होते आणि बादलीत चुना उरला होता. त्यानं तिच्यावरूनच कुंचा ओढला.

तेवढ्यात चुलतभाऊ भिमाजी धावत आला. "दादा, चल बिगी. वयनी हंडा भरताना घसरली."

तीन दिवस शोधलं. सरूबाई मिळाली नाही, हंडाही नाही.

चौथ्या दिवशी रखमाजी खुरपं घेऊन देवळात बसला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. चुना काढायचा, एवढंच कळत होतं. दुपारपर्यंत सातवीचा हंडा मोकळा झाला. संध्याकाळी खाली महाळुंगे पडवळला, कालव्याच्या मोरीपाशी, सरूबाईचा हंडा सापडला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सातवीचा हात मोकळा केला. घरी आला तर उंबऱ्यावर सरूबाईच्या हिरव्या बांगड्या. ओल्या. एकही पिचलेली नव्हती.

"दादा, घरी चल," भिमाजी देवळात येऊन म्हणाला. "भिंतीत काय गाडलंय का तुझं? लोक येडा म्हणाय लागलेत."

"म्हणू दे. येतीया ती."

"कोण?"

रखमाजी खरवडत राहिला.

मग पावलं. उजवं नीट निघालं. डाव्याला खुरपं खोल गेलं, चुन्याबरोबर रंगही सुटला. बोटं गेली.

सकाळी ओसरीवर ओली पावलं उमटली होती. आत जाणारी. उजव्याला पाच बोटं. डाव्याला एकही नाही.

त्यानं ती पुसली नाहीत.

खुरपं त्यानं टाकून दिलं. उरलेला चुना नखानं खरवडून पाहिला, ओल्या फडक्यानं पुसून पाहिला. फडक्यालाही रंग लागतो.

जत्रा होऊन गेली. घरात भाकरी थापल्याचा आवाज येतो. रखमाजी दाराबाहेरून हाक मारतो. आवाज थांबतो, पण ओ येत नाही.

सातवीचं तोंड अजून चुन्याखालीच आहे.