तिला सोडून सगळ्यांना

ऑफिसच्या दारातच दोघांची टक्कर झाली. तिचा मोबाइल पडला, त्याने तो उचलून दिला, तिच्याकडे पाहिलं मात्र... आणि जिन्याकडे धूम ठोकली!

ती बघतच राहिली. एरवी हाच माणूस वाट अडवून विचारायचा, "आज माझ्या किती चुका काढणार?"

"तू करत राहा, मी काढत राहते."

ती ॲप तपासणारी आणि तो ते पाठवणारा. नवं ॲप बाजारात जाण्याआधी कुणाच्या मोबाइलवर उघडावं आणि कुणाच्या नाही, ती यादी त्याच्या हातात. म्हणून ऑफिसात त्याला सगळे 'कुलूपवाला' म्हणत. तीन महिने हे गोड भांडण चाललं होतं, पण त्यापुढे बोलायची हिंमत दोघांनाही होत नव्हती.

जागेवर बसून तिने आजची नवी आवृत्ती उघडली.

'तुम्हाला हे ॲप वापरण्याची परवानगी नाही.'

तपासणारीलाच परवानगी नाही? म्हणजे नोकरी गेली? आणि यादीतून नाव काढलं कुणी, तर त्याने... म्हणूनच पळाला वाटतं मेला! तिने मान वर केली, तर अख्खं ऑफिस तिच्याकडे टकामका बघत होतं.

"वाचलंस का गं?" रिसेप्शनवरच्या ताई डोळे पुसत आल्या.

"काय वाचू? मला उघडतच नाही!"

ताईंनी कपाळावर हात मारला आणि आपला मोबाइल तिच्यापुढे धरला.

'चुका काढणारे, माझ्या चुका जन्मभर काढशील?' खाली दोन बटणं होती. 'हो' आणि 'विचार करते'.

पुढच्याच क्षणी ती जिन्यात होती. तो पायरीवर डोकं धरून बसला होता.

"फक्त तुला पाठवायचं होतं गं," तो कसाबसा म्हणाला. "यादीत तुझं एकटीचंच नाव होतं... पण 'फक्त यांना'च्या जागी 'यांना सोडून' दाबलं गेलं."

"म्हणजे गावभर झालं आणि मलाच पत्ता नाही?"

"सव्वीस जणांनी 'हो' दाबलंय. साहेब विचार करतायत."

तिला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. ती त्याच्या शेजारी टेकली.

"चूक मोठी आहे. आधी दुरुस्त कर."

त्याने मोबाइल काढून 'यांना सोडून'च्या जागी 'फक्त यांना' केलं. तिच्या मोबाइलवर ॲप उघडलं. ती पडद्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

"अजून एक चूक आहे," ती हळूच म्हणाली.

"आता काय...?"

"हे दुसरं बटण कशाला ठेवलंस?"