नाकाच्या शेंड्याएवढी काच

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात पांढरकवड्याला, मोहिउद्दीन मिस्त्रींच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानापुढे धुळीनं माखलेली एक मोटारसायकल थांबली. स्वाराच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती.

"समोर काच बसवायची हाय," तो म्हणाला. "ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला. डावा गेला. आता हा एकच राह्यला."

त्याचं नाव नासिर. कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे जंगलातल्या वस्त्यांवर, फिरून तो लेकरांना देवीची लस टोचत असे.

मिस्त्रींचे हात थरथरत, म्हणून मोजमाप त्यांची तरुण मुलगी अकीला घेई. त्यांनी तिला नीट शिकवलं होतं. खरी काच नको, फुटली तर तोंडातच शिरते. जाड प्लास्टिकची घ्यावी. थोडी मागे झुकवावी, म्हणजे वारा आणि खडे डोक्यावरून जातात. आणि उंची नाकाच्या शेंड्याएवढीच. स्वारानं काचेतून नाही, काचेवरून पाहायचं असतं.

नासिर गाडीवर बसला. अकीलानं टाकीपासून त्याच्या नाकापर्यंत सुतळी ताणली.

"नाक हलवू नका."

"तुम्ही इतक्या जवळ… नाक काय, मी सारा हलून राह्यलो."

"मंग नाकाबिगर जा!"

दोघंही हसले. काच बसली. त्यानंतर ब्रेक ढिला झाला, हॉर्न बसला, अशी काही ना काही कारणं काढून तो दुकानावर येत राहिला.

श्रावणाच्या झडीत मोटारसायकल आली ती ट्रकवर लादून. पुढचं चाक वाकलेलं. नासिर काठी टेकत उतरला.

"काचेवर पाणी, चिखल… पूल खचलेला दिसलाच नाही. लसीची पेटी नाल्यात गेली. दुसरी आणेपर्यंत पोडावर देवी पोचली. दोन लेकरं गेली."

अकीला वाकून काचेवरचा चिखल पुसू लागली. ती काच तिनंच कापली होती.

चाक सरळ झाल्यावर तिनं त्याला पुन्हा गाडीवर बसवलं. तो थकून, खांदे पाडून बसला. त्याचा डोळा काचेच्या वरच्या कडेखाली आला.

"सुतळी तर मी बराबर लावली होती… त्या दिवशी कसे बसले होते तुम्ही?"

"ताठ."

"काहून?"

तो खाली पाहत राहिला. "तुम्ही समोर होत्या. फोटोले बसतो तसा बसलो. मले… उंच दिसायचं होतं."

एरवी ती लाजली असती. आज तिला रडू आलं. पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

"आता थकल्यावर बसता, तसंच बसा," ती डोळे पुसत म्हणाली. तिनं खूण केली आणि करवत चालवली.

"पोडावर परत जाता?"

"जाणारच. त्या मायांसमोर उभं राहावंच लागते." मग हळूच, "अकीला, तुमच्या अब्बांशी बोलायचं होतं. पण डॉक्टर म्हणते, उजवाही कमजोर होऊन राह्यला. उद्या दिसेनासं झालं तर… कोन्या तोंडानं मागू तुम्हाले?"

ती कानस घेऊन काचेची कड घासत होती. हात थांबला नाही.

"मंग गाडी मी चालवीन. तुम्ही मागं बसा, लसीची पेटी धरून."

आतून मिस्त्री खोकले. अकीलानं आवाज कमी केला नाही.

"ऐकलं ना? मी चालवीन."