चौऱ्याण्णव हजार आठशे सत्तर

यातला एक शब्दही पदरचा नाही. सावळीराममामा माझ्या आईचे सख्खे भाऊ. १९९८च्या श्रावणात, नाशिकला द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या दुकानात हे घडलं. तेही भर दुपारी.

मामा गाड्यांचे मीटर दुरुस्त करायचे.

आणि गुपचूप मागेही फिरवायचे. जुन्या गाड्यांचे दलाल त्यासाठीच त्यांच्याकडे यायचे.

अशीच एक जीप आली. चौऱ्याण्णव हजार किलोमीटर पळालेली. मामांनी मीटर उघडला आणि आकड्यांच्या पहिल्या दोन चकत्या फिरवल्या. चौऱ्याण्णवचे एक्केचाळीस झाले.

ती जीप मखमलाबादच्या पुंजाने घेतली. फुलांचा मळा होता त्याचा.

“मामा, ब्रेक उशिरा लागतोय. खोलून बघायचा का?” त्याने येऊन विचारलं.

खरं सांगावं, तर दलाल तुटणार.

“एक्केचाळीसच तर झालेत. इतक्यात काय होतंय ब्रेकला?” मामा म्हणाले.

श्रावणी सोमवारी पुंजा फुलं घेऊन त्र्यंबकेश्वरला निघाला. उतारावर ब्रेक लागलाच नाही.

पुंजा जागीच गेला.

बारा-तेरा दिवसांनी भंगारवाल्या फकिराने एक मीटर मामांच्या टेबलावर आणून टाकला. “चेपलेल्या जीपचा हाय. बघ, कामाला येतो का.”

मामांनी तो बघताक्षणी ओळखला. आकडा थांबला होता... ४१८७०.

फकिरा गेला. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला.

आणि मग...

टिक.

मामांनी मीटरकडे पाहिलं.

टिक... टिक...

मीटरला केबल नव्हती. खाली चाक नव्हतं. गाडीच नव्हती.

शेवटचे तीन आकडे स्थिर होते. फिरत होत्या फक्त दोन चकत्या. मामांनी फिरवलेल्या.

त्यांनी अंगठ्याने दाबून धरल्या. कातडं सोललं, रक्त आलं. चकत्या थांबल्या नाहीत.

९४८७०.

मग सगळं चिडीचूप.

दुसऱ्या दिवशी मामा कबुली द्यायला मखमलाबादला गेले. पुंजाची बायको कुसाबाई ओट्यावर हार ओवत होती. मामांनी तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

“बरं झालं आलात, भाऊ. काल दुपारपासून हे इथं येऊन बसतात. दिसत नाय... आवाज तेवढा येतो. एकच बोलतात. चौऱ्याण्णव हजार आठशे सत्तर.”



“कशाचा हाय हो हा आकडा? मला लय भ्या वाटतं.”



“माहीत नाही,” मामा एवढंच म्हणाले... आणि माघारी फिरले.

त्यांनी दुकान बंद केलं. २००६ साली ते गेले. जाण्याआधी मला सगळं सांगितलं. म्हणाले, “तिला सांग. माझ्याच्यानं झालं नाही.”

कुसाबाई बाजारात फुलं विकायच्या. मी तीनदा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिन्ही वेळा नुसती फुलं घेऊन परतलो.

चौथ्यांदा त्यांनीच मान वर केली.

“काय सांगायचंय ते मला नका सांगू. यांना सांगा.”

आणि शेजारच्या गोणपाटावरची फुलं हाताने बाजूला सारून त्यांनी कुणाला तरी बसायला जागा केली...

त्यानंतर मी त्या बाजारात गेलेलो नाही.