खुर्चीला सांगितलेली गोष्ट

बालवाचनालयं सांभाळणाऱ्या आम्हा ग्रंथपालांचं लोणावळ्यात तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. दुसऱ्या रात्री जेवणं झाली आणि लाईट गेली. नवलाख उंबरे गावची ग्रंथपाल राजेश्वरी आणि मी पायऱ्यांवर येऊन बसलो. सकाळी मला रिकाम्या खुर्चीला गोष्ट सांगायची होती, तिच्यात मूल बसलंय असं समजून. मी पुटपुटत पाठ करत होते.

तिथले रखवालदार रखमाजी आबा म्हणाले, "ताई, खुर्चीतल्या पोराला नाव नका देऊ."

"का हो, आबा?"

"सीताराम माझा मैतर. कार्ल्याकडं वाचनालय बघायचा. चौदा डिसेंबर दोन हजार तेवीस, गुरुवार. ह्याच हॉलात खुर्चीला गोष्ट सांगत हुता. शिकवनाऱ्या म्याडम म्हनल्या, पोराला नाव द्या. ह्याच्या तोंडातनं निघालं, चिंगी."

"कोण चिंगी?" राजेश्वरीनं विचारलं.

"वरल्या वाडीची. रोज दारात यायची. मला आत घ्या, म्हनायची. ह्यो म्हनायचा, फॉर्मवर आईची सही आन. आईचा अंगठा. अंगठा ह्याला चालंना! पाऊस लागल्यापासनं पोर दारातनंच बघत ऱ्हायली. श्रावणात तापानं गेली."

आबांनी कांबळं सावरलं.

"पर गोष्ट लय रंगली. निम्म्यात जेवणाची घंटा झाली. टाळ्या पडल्या. पोरांना जीव लावनारा ग्रंथपाल म्हनून पयला नंबर दिला त्याला." आबा हसले. ते हसणं ऐकून मी राजेश्वरीचा हात धरला.

"घाबरट हाय व्हय तुमची मैत्रीण?"

"लय!" राजेश्वरी म्हणाली. "सांगा तुम्ही."

"हितनं मिळालेली पुस्तकं ठेवायला गावी परतला त्या रात्री पावनेनऊला त्यानं वाचनालय उघडलं. बटण दाबलं. लाईट न्हाई. मोबाईलच्या उजेडात पुस्तकं लावाया लागला. मागं खुर्ची सरकली..."

"आबा, पुरे."

"मग आवाज आला. बारीक. 'पुढं?'"

राजेश्वरी मला चिकटून बसली.

"ह्यो वळला न्हाई. भिंतीकडं तोंड करून उरल्याली गोष्ट सांगितली. सगळी. मग म्हनला, 'संपली, बाळा. जा आता घरी.'"

"मग?"

"काय न्हाई. लाईट आली. खुर्ची रिकामी. जीवात जीव आला त्याच्या. कुलूप घालाया भाईर आला..."

आबांनी पायरीकडं बघितलं.

"पायरीवर चपला. बारक्या. आत जाताना काढत्यात तशा."